जुना मातीचा कमाडो: घेताना काय पाहावं, तडे कसे बुजवावेत, त्यावर कसं शिजवावं

प्रश्न थोडक्यात असा आहे: १९६०च्या दशकातला, जपानमध्ये बनलेला मातीचा कमाडो, म्हणजे झाकण असलेली कोळशाची गोल भट्टी, मिळतो आहे. झाकणाला दोन तडे आहेत, झाकण आणि धड आवळून धरणारे धातूचे पट्टे गंजले आहेत, आतला कोळशाचा कुंडा टिचला आहे. घ्यावा का, आणि घेतला तर नव्या सिरॅमिक कमाडोसारखा वापरता येईल का?

घ्यायला हरकत नाही, पण नव्यासारखा वापरता येणार नाही. जुने कमाडो फुटतात ते बहुतेक याच गैरसमजामुळे, म्हणून आधी त्याबद्दल.

या भांड्याचं मूळ जपानी घरातलं ‘मुशिकामाडो’. गोल मातीचं धूड, वर सुटं घुमटाकार झाकण, खाली हवेसाठी झडप. ते मांस भाजायला नव्हतं, भात शिजवायला होतं. आत भाताचं भांडं बसवायचं, उकळी आली की वरखाली हवा कोंडायची. निखारे विझत आणि तापलेल्या मातीच्या धगीवर भात मुरत असे. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमधल्या अमेरिकन सैनिकांनी ही भांडी घरी नेली, मग आयातदार आले, बिजागरी आणि जाळी लागली आणि त्याचं ग्रिल झालं. एड फिशर यांनी १९७४ मध्ये अटलांटात ‘बिग ग्रीन एग’ ही कमाडो विकणारी कंपनी सुरू केली तेव्हाही सुरुवातीचे नग मातीचेच होते. तापमानाचे झटके सोसणारं सिरॅमिक नंतर आलं. तुमच्या हातात येणारा नग त्या आधीच्या पिढीचा आहे. कमी आचेवर भाजलेली सच्छिद्र माती, आतून मुलामा (काचेसारखा चकचकीत थर) नाही, भिंत दोन-तीन सेंटीमीटर जाड. धग धरून ठेवणं हा तिचा गुण. अचानक तापणं आणि पाणी पिणं, या दोन गोष्टींनी ती फुटते.

एक घोटाळा आधीच टाळा. ‘जुनी जपानी कोळशाची शेगडी’ या नावाखाली शिचिरिनही विकल्या जातात. ती लहान, झाकण नसलेली शेगडी. नोतो द्वीपकल्पातल्या शिचिरिन डायटोमाइट या हलक्या, सच्छिद्र खडकाच्या ठोकळ्यातून कोरून काढलेल्या असतात. हाताला आश्चर्य वाटावं इतक्या हलक्या. त्या उघड्यावर भाजायच्या असतात. इथे लिहिलेलं पाण्याबद्दलचं सगळं त्यांनाही लागू आहे, हवेबद्दलचं नाही.

आता पाहणी. जाळी आणि सुटे भाग बाहेर काढायला सांगा आणि बोटाच्या पेराने भांडं चहूबाजूंनी ठोका. ठणठणीत वाजलं तर उत्तम. एखाद्या भागातच बद्द वाजत असेल तर तिथे आत चीर आहे. सगळीकडेच बद्द वाजत असेल तर बहुधा माती ओली आहे, वाळल्यावर पुन्हा ठोकून पाहावं लागेल. मग अंधाऱ्या जागी आत चांगला टॉर्च ठेवा, झाकण लावा, बाहेरून पाहा. उजेड जिथून झिरपतो तो तडा आरपार आहे. जिथे झिरपत नाही तो बहुतेक वेळा वरवरचा, किंवा नुसती मुलाम्याची जाळीदार फूट. तिला हात लावायचा नाही.

तडा किती लांब आहे यापेक्षा कुठे आणि कोणत्या दिशेने गेला आहे ते महत्त्वाचं. झाकणाच्या वरच्या छिद्रापासून खाली उतरणारा उभा तडा सर्रास दिसतो आणि तो सांभाळता येतो, कारण पट्टा त्याला आडवा आवळून धरतो. पट्ट्याला समांतर, आडवा फिरणारा तडा मात्र सोडून द्या. पट्टा त्याचं काहीच करू शकत नाही, झाकणाचं वजन रोज त्याच रेषेवर येतं आणि एक दिवस घुमट हातात येतो. तळाला पायांच्या जागी आरपार तडा असेल तरी तेच, निखाऱ्यांनी भरलेलं ते वजन कुणाच्या पायाजवळ बसणार आहे हे लक्षात घ्या. तुमचे झाकणाचे दोन तडे उभे असतील तर घ्या. आतला कुंडा टिचणं हा दोषच धरू नका. तो निखाऱ्यांच्या सगळ्यात जवळ असतो आणि टिचतोच. तुकडे जागच्या जागी बसत असतील तर तसाच वर्षानुवर्षं चालतो.

तळाशी आणि झडपेभोवती पांढरी भुकटी दिसते का पाहा. भिंतीला लोणा लागतो तसाच हा लोणा: पाणी मातीत शिरलं, क्षार घेऊन बाहेर आलं, सुकलं. भुकटी झटकली जाते, पण खाली मातीच्या खपल्या निघत असतील, नख लावल्यावर कण सुटत असतील, तर ते भांडं वर्षानुवर्षं पावसात उभं होतं. गोठणाऱ्या हवेतला असेल तर आणखी वाईट, कारण आत शिरलेलं पाणी बर्फ होताना फुगतं आणि माती थराथराने सोडवतं. अशा मातीला कोणतंही सिमेंट धरत नाही.

मग झडपा. खालचं दार पूर्ण सरकून बंद होतं का, वरची टोपी किंवा फिरती चकती फटीशिवाय बसते का? पट्टे नवे करता येतात, जाळी कुठलीही बसते. मूळ झडपा मात्र सुट्या मिळणं फार कठीण, आणि झडपेशिवाय कमाडो म्हणजे नुसती कुंडी. झाकणाची बैठक तपासायला पातळ कागदाची पट्टी कडेवर ठेवून झाकण लावा आणि ओढा. अडखळत निघाली तर ठीक. असं सहा-आठ जागी करा. संग्रहाच्या दृष्टीने मूळ रंग, कंपनीची धातूची पाटी, मूळ बिजागरी आणि टोपी यांना किंमत आहे. नव्याने रंगवलेला चकचकीत नग फिकट मूळ रंगाच्या नगापेक्षा संग्राहकाला कमी मोलाचा वाटतो, आणि रंगाखाली तडे बुजवलेले असण्याची शक्यता असते ती वेगळीच.

जुना रंग कोरडा घासू नका. अमेरिकेत घरगुती रंगातल्या शिशावर १९७८ मध्ये बंदी आली. त्याआधीच्या रंगात शिसं असू शकतं असं धरूनच चालावं. कडेला जुनी पांढरी विणलेली दोरी असेल तर तिच्याशीही जपून, त्या काळात चुली-भट्ट्यांच्या दोऱ्यांत अ‍ॅस्बेस्टॉस सर्रास वापरत. शंका असेल तर तिला हात न लावता तपासणी करून घ्या. शहाणपणाचं म्हणजे बाहेरचा रंग जसा आहे तसा ठेवणं. अन्न त्याला लागत नाही.

उचलताना झाकण वेगळं, धड वेगळं, जाळी आणि कुंडा बाहेर. बिजागरीला किंवा मुठीला धरून कधीच नाही. पट्टे उतरवताना स्प्रिंगची काळजी घ्या. बहुतेक बनावटींत झाकण बंद असताना स्प्रिंग ताणलेली असते. त्या अवस्थेत बोल्ट सोडला तर बिजागरी उसळते आणि बोटं जातात. म्हणून दुसऱ्या माणसाने झाकण पूर्ण उघडं धरायचं, सैल झालेली स्प्रिंग हुकातून काढायची, मग झाकण बसवून पट्ट्यांचे बोल्ट सोडायचे. गंजलेल्या बोल्टला आदल्या रात्री गंजसोडं तेल लावा, पण थेंबाथेंबाने. मातीवर सांडलं तर ती ते पिते आणि पुढचे कितीतरी दिवस त्याचाच वास देत राहते.

नवे पट्टे स्टेनलेस स्टीलचे, अडीच ते तीन सेंटीमीटर रुंद घ्या. पट्टा आणि माती यांच्यामध्ये फायबरग्लासची पातळ फीत हवी, म्हणजे दाब एका टेंगळावर न येता सगळीकडे वाटला जातो. किती आवळायचं? ४५ सेंटीमीटर व्यासाच्या भांड्याचा घेर सुमारे १४१ सेंटीमीटर. पट्टा ६० अंशांनी तापला तर स्टेनलेस जवळपास दीड मिलिमीटरने लांबतो. मातीही आतून तापून फुगते आणि बराचसा फरक भरून काढते. त्यामुळे थंड असताना पट्टा हाताने सरकणार नाही इतपत आवळा, जोर लावून पिळू नका. पहिल्या दोन-तीन वापरांनंतर, पूर्ण थंड झाल्यावर, बोल्ट पुन्हा तपासा. नवे पट्टे या दिवसांत सैल पडतातच, आणि सैल पट्ट्यातून झाकण निसटणं हा कमाडोचा ठरलेला अपघात आहे.

तडे बुजवायला सोडियम सिलिकेटचं फर्नेस सिमेंट वापरा, ज्याच्या डब्यावर हजार अंशांच्या वरचं तापमान लिहिलेलं असतं ते. बांधकामाचं साधं सिमेंट अशा आचेत भुसभुशीत होतं. इपॉक्सी तर शंभर अंशांच्या आतच मऊ पडायला लागतो आणि धुरातून अन्नात उतरतो. तडा कोरड्या ब्रशने साफ करा, कडा ओल्या बोटाने नुसत्या दमट करा, सिमेंट चाकूच्या पात्याने आत दाबा, वरचं लगेच पुसून घ्या. थर तीन मिलिमीटरच्या वर नको, जाड थर तापला की फसफसून फुगतो. पूर्ण तुटलेला तुकडा बसवायचा असेल तर दोन्ही कडांना पातळ लेप, तुकडा दाबून बसवणं आणि पट्ट्याने किंवा दोरीने बांधून ठेवणं. एक दिवस सावलीत वाळू द्या. हे सिमेंट आचेवरच पक्कं होतं, तोपर्यंत पाण्यात विरघळतं, म्हणून मधल्या काळात ओल लागू देऊ नका. सिमेंटचं काम फट बुजवून हवा अडवणं एवढंच. वजन पट्ट्यानेच पेलायचं असतं. सिमेंटवर विसंबून पट्टा न लावलेला झाकणाचा जोड टिकत नाही.

आता सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात महत्त्वाचा भाग: वाळवणं. भांडं बाहेरून कोरडं दिसलं तरी भिंतीत पाणी असतं. शंभर अंशांना त्या पाण्याची वाफ होते आणि ती सुमारे १,६०० पट जागा मागते. बारीक छिद्रांतून ती हळूहळू निघाली तर काही होत नाही. घाईने तापवलं तर ‘फट्‌’ असा आवाज येतो आणि आतल्या बाजूने नाण्याएवढी खपली उडते, किंवा सरळ तडा जातो. तेव्हा कोरड्या खोलीत, झाकण काढून, तळ विटांवर उचलून किमान दोन आठवडे ठेवा. त्यानंतर दोन-तीन दिवस आत ६० वॉटचा जुन्या पद्धतीचा तारेचा बल्ब लावून ठेवला तर उत्तम. एलईडी चालणार नाही, इथे उजेड नव्हे तर उष्णता हवी.

पहिला विस्तव पाच-सहा मध्यम कोळशांचा. वरची झडप पूर्ण उघडी, खालची थोडी, घुमटात ८० ते ९० अंशांच्या वर जाऊ द्यायचं नाही. दोन तास. बाहेरच्या भिंतीवर दमट डाग उमटले किंवा झाकणाखाली पाणी साचलं तर ओल अजून आहे. दुसऱ्या दिवशी हेच पुन्हा. डाग उमटायचे थांबले की रोज तीस-चाळीस अंश वाढवत १२०, १५०, १८०, आणि प्रत्येक वेळी मध्ये पूर्ण थंड होऊ द्यायचं. महिनाभर वापरात नसलेल्या भांड्यालाही निदान एक मंद फेरी द्या.

वरची मर्यादा २३० ते २५० अंश. नवे सिरॅमिक कमाडो साडेतीनशे-चारशेला नेतात ते बघून मोह होईल, तो आवरा. मातीतल्या क्वार्ट्‌झचं स्फटिकरूप ५७३ अंशांना बदलतं आणि त्याचं आकारमान अचानक वाढतं. थंड होताना तितकंच अचानक आकसतं. घुमट अडीचशेला असताना निखाऱ्यांच्या गाभ्यात हा टप्पा केव्हाच ओलांडलेला असतो. म्हणूनच जळता कोळसा बाहेरच्या भिंतीला कधीही टेकता कामा नये. कुंडा असतो तो यासाठी. कुंडा गायब असलेला नग मिळाला तर जाड ओतीव लोखंडाची टोपली बसवा, भिंतीपासून दोन बोटं सुटी.

इंधन म्हणून मोठ्या तुकड्यांचा लाकडी कोळसा. दाबून केलेल्या विटांच्या कोळशाची राख इतकी होते की जुन्या कुंड्याची लहान भोकं तीन-चार तासांत बुजतात आणि आच मध्येच बसते. पेटवायला रॉकेल किंवा लायटर फ्लुइड अजिबात नाही. माती ते पिऊन टाकते. मेणाचा पेटता खडा किंवा खाण्याच्या तेलात भिजवलेला कागदाचा बोळा पुरतो. चिमणीत (कोळसा पेटवायच्या पत्र्याच्या नळकांड्यात) फुललेले निखारे थंड मातीत ओतणं हाही एक झटकाच. मोठे तुकडे तळाला, मधले वर, चुरा बाजूला, आणि वरून एकाच ठिकाणी पेटवा. विस्तव वरून खाली सावकाश उतरतो आणि आच हातात राहते. सुरुवातीचा दाट पांढरा धूर अन्नाला कडवट करतो; तो विरळ, निळसर होईपर्यंत वीस-तीस मिनिटं थांबा.

हवेचं गणित असं: खालची झडप ढोबळ, वरची बारीक. ११० अंशांसाठी खाली पाच-सहा मिलिमीटर फट, वर दोन-तीन. १८० साठी खाली साधारण अडीच सेंटीमीटर, वर पाव भाग. हे फक्त सुरुवातीचे आकडे, प्रत्येक जुन्या भांड्याची गळती वेगळी असते. हवं त्या तापमानाच्या वीस-पंचवीस अंश आधीच झडपा मिटायला लागा. एकदा माती जास्त तापली की झडपा बंद करूनही खाली यायला तास जातो, आणि त्या तासात तुमचं जेवण करपतं. झडप हलवली की पंधरा मिनिटं हात लावू नका. दर दोन मिनिटांनी झडपा खेळवणाऱ्याची आच दिवसभर वरखाली होत राहते.

जुन्या झाकणांना बहुधा थर्मामीटरचं भोक नसतं. ते पाडू नका. ड्रिलने घुमट टिचतो आणि संग्रहमूल्यही जातं. तारेचा प्रोब वरच्या छिद्रातून सोडा किंवा जाळीला अडकवा. जुना काट्याचा थर्मामीटर मिळाला असेल तर उकळत्या पाण्यात धरून तपासा. समुद्रसपाटीला १०० दाखवायला हवा, उंचीवर दर ३०० मीटरला साधारण एक अंश कमी.

मंद आचेला जाळीखाली आडोसा लागतो, जुन्या नगाबरोबर तो येत नाही. बिनमुलाम्याची मातीची जाड थाळी किंवा पिझ्झाचा दगड घ्या, व्यास आतल्या व्यासापेक्षा पाच-सहा सेंटीमीटर कमी, म्हणजे कडेने धग वर जाईल. त्यावर चरबी पकडायला ताट ठेवायचं असेल तर मध्ये दोन सेंटीमीटर मोकळी हवा सोडा, नाहीतर चरबी थाळीवर जळून सगळ्याला जळका वास लागतो.

दीड किलोची अख्खी कोंबडी १८० अंशांवर, आडोशासह, सव्वा तासाच्या आसपास होते. छातीचा सगळ्यात जाड भाग ७४ अंश झाला की काढा. तीन-चार किलोचा डुकराचा खांदा ११० ते १२० वर दहा ते चौदा तास घेतो. मधे ६५ ते ७५ अंशांच्या दरम्यान आतलं तापमान तासन्‌तास हलत नाही. पृष्ठभागावरचं पाणी उडताना उष्णता ओढून घेतं म्हणून तसं होतं. घाबरून झडपा उघडू नका. ९३-९५ ला काढून तासभर झाकून ठेवा. कोळसा ताशी साधारण सव्वाशे ते दोनशे ग्रॅम लागतो, म्हणजे एवढ्या लांबच्या शिजवण्याला सुरुवातीलाच अडीच-तीन किलो भरून घ्या, कारण मधे जाळी उचलून कोळसा घालणं त्रासाचं आहे. करपूस कडा हव्या असतील तर अख्खं भांडं तापवण्यापेक्षा लहान जाळी निखाऱ्यांच्या जवळ बसवून शेवटची दोन मिनिटं मांस तिथे धरा. पाव मात्र या भांड्यात अप्रतिम होतो: २२० अंश, दगड पाऊण तास आधी तापवलेला, पस्तीस-चाळीस मिनिटं. हवा कमी खेळत असल्याने ओलावा आत राहतो आणि मांसही नव्या पातळ पत्र्याच्या ग्रिलपेक्षा कमी सुकतं.

झाकण कधीही एकदम उघडू नका. कोंडलेल्या निखाऱ्यांना अचानक हवा मिळाली की ज्वाळेचा भपका थेट तोंडावर येतो. आधी वरची झडप उघडा, झाकण चार-पाच सेंटीमीटर उचलून दहा सेकंद थांबा, मग पूर्ण. बंद खोलीत, तंबूत किंवा गॅरेजमध्ये कमाडो चालवायचा नाही. कोंडल्यावरही निखारे तासन्‌तास कार्बन मोनॉक्साइड सोडत राहतात आणि त्याला वास नसतो. भांड्याखाली न जळणारी फरशी आणि पायांखाली चार-पाच सेंटीमीटर मोकळी जागा हवी. खालच्या झडपेतून ठिणगी पडतेच, आणि लाकडी फळ्यांवर ती पुरेशी असते.

विझवताना दोन्ही झडपा बंद, पाणी थेंबभरही नाही. झडपा नीट बसत असतील तर उरलेला कोळसा पुढच्या वेळी झटकून वापरता येतो. कोळसा रात्रभरात जळून राख होत असेल तर कुठेतरी गळती आहे: ओलसर पानांचा थोडा धूर आत करा, सगळं बंद करा आणि धूर कुठून येतो ते पाहून तिथे सिमेंट किंवा गॅस्केट (कडेला लावायची उष्णता सोसणारी फीत) लावा. गॅस्केट फक्त खरोखर फट असेल तिथेच, मूळची बैठक चांगली असेल तर तशीच राहू द्या.

साफसफाई आगीनेच होते. साबण आणि पाणी आत नको. बुरशी आली असेल तर १८०-२०० अंशांवर तासभर चालवा, जाळी घासा, राख झाडा. राख दुसऱ्याच दिवशी काढा, पण चोवीस तास उलटून ती पूर्ण थंड झाल्यावर, आणि धातूच्या डब्यातच. आत सोडलेली राख हवेतली ओल धरून ठेवते, क्षारीय होऊन जाळी खाते आणि तळ दमट ठेवते. घट्ट प्लास्टिकचं आवरणही तेच करतं. भांडं छपराखाली, दोन्ही झडपा बोटभर उघड्या आणि झाकणाच्या कडेखाली लाकडाची एक पातळ काडी, असं ठेवलं तर आत हवा फिरत राहते.